तबकडी आणि फड

पुणें जिल्ह्याच्या उत्तर भागांत घोड नदीच्या कांठीं वसलेलें घोडेगांव हें आमचें गांव. आंबेगांव तालुक्याची कचेरी येथें आहे, आणि मंचरहून भीमाशंकरास जाणारे यात्रेकरू ह्याच गांवावरून पुढें जातात. नवखा मनुष्य आला म्हणजे एक प्रश्न हमखास विचारतो : तालुका आंबेगांवचा आणि कचेरी घोडेगांवीं, तर मग आंबेगांव कोठें आहे? त्यास सांगावें लागतें कीं, कचेरी पूर्वीपासूनच येथें आहे. परंतु ज्या गांवाचें नांव तालुक्यानें घेतलें तें जुनें आंबेगांव डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें. नांव दप्तरांत राहिलें, गांव राहिलें नाहीं. नांव टिकणें आणि वस्तु टिकणें ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें आम्हां घोडेगांवकरांस निराळें शिकवावें लागत नाहीं.

संगीताच्या इतिहासाचा विचार करूं लागलों कीं ही गोष्ट आम्हांस पुनःपुन्हां आठवते. हल्लीं गाणें सांठवून ठेवण्याचीं साधनें इतकीं वाढलीं आहेत कीं, जें सांठवलें गेलें तेंच आमचें संगीत, आणि जें सांठवलें गेलें नाहीं तें जणूं झालेंच नाहीं, अशी एक समजूत सुशिक्षितांत नकळत रुजली आहे. ही समजूत कितपत खरी आहे, आणि ती खरी मानल्यानें कोणावर अन्याय होतो, ह्याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

आमच्या लहानपणीं घोडेगांवांत गाणें दोन वाटांनीं येई. एक वाट घरांतली. आजोबांनीं घेतलेला किल्लीचा ग्रामोफोन माजघरांत एका तिवईवर असे, आणि त्याची किल्ली फिरविण्याचा मान आम्हां भावंडांनीं पाळीपाळीनें वांटून घेतला होता. बालगंधर्वांचीं नाट्यपदें, अब्दुल करीमखांसाहेबांची ठुमरी, आणि रेडिओ आल्यावर चित्रपटांतल्या लावण्याही त्या घरांत मोकळेपणानें ऐकल्या जात. दुसरी वाट बाहेरची. चैत्र लागला कीं आसपासच्या गांवांच्या जत्रा सुरू होत. रात्रीं जेवणें आटोपून आम्ही अंगणांत निजलों म्हणजे वाऱ्याबरोबर हलगीचा कडकडाट आणि ढोलकीची थाप दुरून ऐकूं येई. तिकडे जाण्याची मात्र आम्हांस सक्त मनाई होती. पेटींतून आलेली लावणी ही कला होती. जत्रेंतली लावणी हा तमाशा होता. एकाच गाण्याकडे पाहण्याच्या ह्या दोन दृष्टि कशा, हा प्रश्न त्या वयांत आम्हांस पडला नाहीं. तो पडावयास पन्नाशी उलटावी लागली, आणि तोही आमचा आम्हांस पडला नाहीं.

झालें असें कीं, कांहीं वर्षांपूर्वीं वर्गांत शाहिरी वाङ्मय शिकवीत असतां आम्हीं विद्यार्थ्यांस दोन जुन्या लावण्या ऐकविल्या. रामजोशी, अनंतफंदी, होनाजी बाळा, प्रभाकर ह्यांची पेशवाईच्या अखेरची परंपरा आम्हीं समजावून सांगितली, वृत्तें सांगितलीं, आणि ध्वनिमुद्रण ऐकवून आतां विषय पुरा झाला अशा समाधानानें पुस्तक मिटलें. तोंच मागच्या बांकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, ह्यांत झील कुठें आहे?" त्याचे आजोबा एका फडांत झीलकरी होते. आमच्याजवळ उत्तर नव्हतें. आणि खरें सांगावयाचें तर, झील ही ऐकण्याजोगी वस्तु आहे हेंच तोंपर्यंत आमच्या ध्यानांत आलेलें नव्हतें.

ह्या प्रश्नाचा उलगडा होण्यासाठीं तबकडीचा जन्म कसा झाला तें आधीं पाहिलें पाहिजे. एडिसननें १८७७ सालीं फोनोग्राफ सिद्ध केला. त्यांत आवाज नळकांड्यावर उमटत असे. दहा वर्षांनीं, १८८७ सालीं, एमिल बर्लिनर ह्यानें सपाट तबकडी पुढें आणली. तिचा लाभ हा कीं, एका सांच्यावरून हव्या तितक्या प्रती काढतां येत. १९०२ च्या नोव्हेंबरांत ग्रामोफोन कंपनीचा फ्रेडरिक गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्यानें गौहरजानचें गाणें मुद्रित केलें. ते सांचे जर्मनींत हॅनोव्हर येथें जात, तेथें तबकड्या तयार होत आणि मग त्या बोटीनें परत हिंदुस्थानांत विक्रीस येत. गाणें संपतांच गौहरजान आपलें नांव इंग्रजींत सांगत असे, तें त्या परक्या कारागिरांस गाणें कोणाचें तें कळावें म्हणून. पुढें १९०८ सालीं कलकत्त्यास सियालदह येथेंच कारखाना निघाला, आणि तबकडी मध्यमवर्गीय घरांत हळूहळू शिरली.

ह्या तबकडीची मर्यादा मात्र कडक होती. दहा इंचांची तबकडी मिनिटाला सुमारें ७८ फेरे घेई व तीन मिनिटांत संपे. बारा इंचांची साडेचार मिनिटांपर्यंत पुरे. ज्या गवयाचा एक राग बैठकींत तासभर चाले त्यास आलाप आंखडून, लय वाढवून, तानांची नुसती वानगी दाखवून ह्या मापांत बसावें लागे. शिवाय १९२५ पूर्वीं विजेचा ध्वनिग्राहक नव्हता. गाणाऱ्यानें एका मोठ्या कर्ण्यांत तोंड घालून गावें, आणि त्या आवाजाच्या धक्क्यानें सुई मेणावर रेघ ओढी. वाद्यें कर्ण्यापासून मोजून मापून दूर ठेवावीं लागत, कारण जोराची थाप पडली तर सुई उडून सांचा वांया जाई. ज्या संगीताचा प्राणच थापेंत आहे त्याची ह्या यंत्रापुढें काय गत होणार, हें सांगावयास नको.

ह्या मर्यादेमुळें कोण राहिलें आणि कोण गळलें, ह्याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. पुण्याच्या भारत गायन समाजाचे संस्थापक भास्करबुवा बखले १९२२ सालीं वारले. बालगंधर्व, मास्टर कृष्णराव, गोविंदराव टेंबे ह्यांसारख्यांनीं त्यांस गुरु मानलें. पण त्यांची एकही तबकडी आज ऐकावयास मिळत नाहीं. अल्लादियाखांसाहेब १९४६ पर्यंत हयात होते, म्हणजे तबकडीच्या भर अमदानींत ते वावरले. तरी त्यांचीही तबकडी निघाली नाहीं. केवळ तबकड्यांवरून जर कोणी महाराष्ट्रांतील गायनाचा इतिहास लिहावयास बसला, तर त्यांत हीं दोन नांवें येणारच नाहींत. तीं येतात तीं त्यांचे शिष्य आणि श्रोते बोलत राहिले म्हणून.

येथें कोणी म्हणेल कीं, हा तबकडीवर उगाच राग आहे. तसें नाहीं. अल्लादियाखांच्याच शिष्या केसरबाई केरकर ह्यांची एक भैरवी सुमारें साडेतीन मिनिटांची आहे. १९७७ सालीं अमेरिकेनें आकाशांत सोडलेल्या व्हॉयेजर यानांवर जगांतील निवडक ध्वनि सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर कोरून पाठविले, त्यांत ही भैरवी आहे. आणि तें पहिलें यान २०१२ सालीं सूर्यमंडळाच्या वाऱ्याचीही हद्द ओलांडून गेलें. गुरूचा आवाज पृथ्वीवर कोठें उरला नाहीं, शिष्येचा मात्र ताऱ्यांच्या वाटेला लागला. भीमसेन जोशी ह्यांची हकीकत तर सर्वश्रुत आहे. लहानपणीं दुकानांत लागलेली अब्दुल करीमखांची तबकडी ऐकून हा मुलगा वेडा झाला, आणि १९३३ सालीं, अवघ्या अकराव्या वर्षीं, गदगचें घर सोडून गुरूच्या शोधार्थ निघाला. हिंडून हिंडून अखेर तो त्याच खांसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व ह्यांच्याकडे स्थिर झाला. तबकडी नसती तर हें घडलें नसतें, हें आम्ही आनंदानें कबूल करतों. परंतु एवढें पाहावें कीं, त्या मुलानें तबकडी घरीं नेऊन तिच्याबरोबर गाणें सुरू केलें नाहीं. तो गाणाऱ्या माणसाच्या शोधांत निघाला. तबकडीनें त्यास दार दाखविलें, घर निराळेंच होतें.

आतां फडाकडे वळूं. घोडेगांवाहून मंचर, आणि तेथून नाशिकच्या रस्त्यानें पुढें गेलें कीं जुन्नर तालुक्यांतील नारायणगांव लागतें. ह्या गांवास लोक तमाशाची पंढरी म्हणतात. पाडव्याच्या सुमारास तेथें रस्त्याच्या कडेस फडांच्या राहुट्या पडतात. प्रत्येक राहुटीवर फडमालकाच्या नांवाचा फलक, आंत एक टेबल, एक वही, आणि सुपारी ठरविण्यास आलेले गांवोगांवचे जत्रेचे पंच. एकाच तिथीस पुष्कळ गांवांच्या जत्रा आल्या कीं त्या रात्रीचा दर चढतो, आडदिवसाचा उतरतो. दसऱ्यास फड बाहेर पडतो तो वैशाखी पौर्णिमेच्या सुमारास परत येतो. कलावंतांनीं हंगामापूर्वीं घेतलेली उचल ह्या मुदतींत फिटावी लागते. एका गांवीं रात्र काढावी, कांहीं ठिकाणीं दुसऱ्या दिवशीं हजेरी द्यावी, आणि तंबू-सामान वाहनांत भरून पुढच्या गांवीं जावें, असा हा सहासात महिन्यांचा प्रवास असतो.

ह्या फडाची रचना पाहिली म्हणजे तबकडीशीं तिचें कां जमलें नाहीं तें ध्यानांत येतें. आरंभीं गण, मग गौळण. तींत मथुरेच्या बाजारास निघालेल्या गौळणी, त्यांची मावशी, आणि वाट अडविणारा कृष्ण व पेंद्या. त्यानंतर बतावणी, लावण्या, आणि अखेर वग. उमाजी सावळजकरांचा 'मोहना-बटाव' १८६५ चा. वगाच्या परंपरेचा आरंभ त्याच्यापासून धरतात. वगाची संहिता पूर्वीं लिहिलेली नसे. कथेचा सांगाडा ठरलेला आणि बोलणें आयत्या वेळचें. गांवांत काल काय घडलें, पाटील कोण, पाऊस किती, हें सर्व त्या बोलण्यांत येई. दौलतजादा करणाराचें नांव पुकारलें जाई, आणि सोंगाड्या त्या नांवावरही कोटी करी. ऐकणारा आणि गाणारा ह्यांच्यामध्यें भिंत म्हणून नव्हतीच. स्वातंत्र्यानंतर सरकारनें कांहीं काळ तमाशावर बंदी घातली, आणि ती उठविली तेव्हां वग आधीं लिहून तपासून घेण्याची अट घातली. जें जिभेवर होतें तें अशा रीतीनें कागदावर आलें खरें. पण लिहिणाराच्या भयानें त्यांतलें किती बाहेर राहिलें ह्याचा हिशेब कोण देणार?

आणि आतां झील. फडांत मुख्य गाणारा एकटा नसतो. त्याच्यामागें ढोलकी, हलगी, तुणतुणें व झांज घेऊन साथीदार उभे असतात, आणि त्यांत झीलकरी म्हणजे सुरत्ये असतात. मुख्य गायकानें चरण संपवावा आणि त्याचें शेवटचें अक्षर जमिनीवर पडण्यापूर्वींच झीलकऱ्यांनीं तें वरच्या सुरांत उचलून धरावें, असा हा प्रकार आहे. ध्वनिक्षेपक नव्हते तेव्हां मैदानाच्या टोकाला बसलेल्या माणसापर्यंत गाणें पोंचे तें ह्या झिलेच्या बळावर. शिवाय झील चालू असतां मुख्य गायकास श्वास घ्यावयास आणि पुढचा चरण आठवावयास उसंत मिळे. म्हणजे झील हा अलंकार नव्हे. तो त्या गाण्याचा खांब होय. तबकडीस मात्र खांबाची गरज नव्हती. कर्णा गायकाच्या तोंडाशींच होता, पल्ला तीन मिनिटांचा होता, आणि चरण पुन्हां उचलण्यांत वेळ घालविणें परवडत नव्हतें. लावणी तबकडीवर आली तेव्हां पेटी, सारंगी, तबला तिच्याबरोबर आले. झीलकरी बाहेर राहिला. मुलाच्या प्रश्नाचें उत्तर हें असें आहे.

बाहेर राहिलेला हा झीलकरी कोण होता, हेंही स्पष्ट बोलावें लागेल. महार, मांग, कोल्हाटी ह्या जातींनीं हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या वाहिला. पठ्ठे बापूराव जातीनें कुलकर्णी. १९४५ सालीं ते वारले. पवळेबरोबर फडांत उभे राहिल्याबद्दल त्यांस जातीनें बाहेर टाकलें. त्यांच्या लावण्या पुढें पुस्तकांत आल्या, पाठ्यक्रमांतही आल्या. पदर धरून बसलेल्या आमच्या वर्गाला लावणी नकोशी नव्हती. लावणीबरोबर येणारीं माणसें नकोशीं होतीं. तबकडीनें आमची ही अडचण नेमकी दूर केली. गाणें आलें, माणूस आला नाहीं.

सुलोचना चव्हाण ह्यांची लावणी आमच्या घरांत किती आवडे हें आम्हीं वर सूचित केलेंच आहे. त्या २०२२ सालीं वारल्या. त्याच वर्षीं त्यांस पद्मश्री मिळाली. डोकीवर पदर घेऊन गाणाऱ्या ह्या थोर गायिकेनें बोर्डावर कधीं नाच केला नाहीं, आणि त्यांच्या योग्यतेस त्यामुळें तिळमात्र उणेपणा येत नाहीं. पण त्याच काळांत आमच्या घरापासून दहा-वीस कोसांच्या आंत विठाबाई भाऊ मांग नारायणगांवकर रात्रीमागून रात्री उभ्या होत्या. त्यांचा जन्म १९३५ चा. वडील भाऊ आणि चुलते बापू ह्यांच्या फडांत त्या लहानाच्या मोठ्या झाल्या. १९५७ सालीं आणि पुन्हां १९९० सालीं त्यांस राष्ट्रपतींकडून गौरव मिळाला. पूर्ण दिवस भरले असतां त्या बोर्डावर होत्या, मध्येंच पडद्यामागें जाऊन त्या प्रसूत झाल्या आणि पुन्हां प्रेक्षकांपुढें आल्या, ही हकीकत साऱ्या महाराष्ट्रांत सांगितली जाते. अखेरचे दिवस हलाखींत काढून १५ जानेवारी २००२ रोजीं त्या वारल्या. त्यांचें गाणें समोर बसून ऐकण्याची संधि आम्हांस अनेक वर्षें होती. आम्हीं ती घेतली नाहीं. मनाई लहानपणीं होती; पुढें तीस वर्षें ती कोणीं केली होती? ह्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर आहे, पण तें देण्यास लाज वाटते.

काळ पुढें गेला. १९४८ सालीं अमेरिकेंत मंद गतीची लांब तबकडी निघाली व तीन मिनिटांची बेडी तुटली. मग कॅसेट आली, आणि ती इतकी स्वस्त कीं वगांच्याही कॅसेटी जत्रेंत विकल्या जाऊं लागल्या. आतां तर सर्व कांहीं खिशांतल्या मोबाइलवर आहे. फडही बदलला. ध्वनिक्षेपक आले तसा झिलेचा उपयोग कमी झाला. ढोलकीशेजारीं विजेचीं वाद्यें आलीं, आणि लावणीच्या जागीं चित्रपटांतल्या गाण्यांची मागणी प्रेक्षकच करूं लागले. म्हणजे ज्या फडाकडून तबकडीनें गाणें नेलें, त्याच फडानें आतां तबकडीसारखें गावें अशी लोकांची अपेक्षा झाली. २०२० आणि २०२१ ह्या दोन सालीं साथीमुळें जत्रा बंद राहिल्या, तेव्हां फडांचे तंबू उभे राहिले नाहींत, आणि उचलीवर जगणाऱ्या कलावंतांस मोलमजुरी करावी लागली. मुद्रित गाण्यास त्या दोन वर्षांत काडीचाही धक्का लागला नाहीं. टिकाऊपणाचें प्रमाणच जर श्रेष्ठतेचें प्रमाण मानलें, तर ह्या तुलनेंत फड हरला असेंच म्हणावें लागेल. पण पिकापेक्षां कोठार टिकाऊ असतें म्हणून कोणी कोठारांत पेरणी करीत नाहीं.

आमचें म्हणणें इतकेंच कीं, इतिहास लिहिणारानें जें उरलें आहे त्यालाच जें झालें तें समजूं नये. आंबेगांवच्या तालुक्याचा नकाशा पाहून आंबेगांव शोधूं गेल्यास पाणीच लागावयाचें. तबकड्यांची यादी अवश्य करावी; पण तिच्याच शेजारीं दुसरी एक यादी करावी. कोणत्या गांवच्या जत्रेंत कोणता फड येई, त्यांत ढोलकीस कोण, झिलेस कोण, वगांत कोणत्या वर्षीं काय बोललें गेलें, हें ज्यांस आठवतें तीं माणसें अजून ओट्यावर बसलेलीं आहेत. तीं फार काळ बसणार नाहींत. तालुक्या-तालुक्यांतून आतां महाविद्यालयें झालीं आहेत, आणि तेथें शिकणारीं मुलें पुष्कळदां ह्याच माणसांचीं नातवंडें आहेत. हें काम त्यांच्याकडून न झालें तर तें कोणाकडून व्हावयाचें?

त्या मुलाबरोबर आम्ही पुढें एका रविवारीं त्याच्या आजोबांकडे गेलों. वर्गांत ऐकविलेली लावणी आम्हीं त्यांस मोबाइलवर ऐकविली. म्हाताऱ्यानें डोळे मिटून ती शेवटपर्यंत ऐकली आणि म्हटलें, "गुरुजी, गाणारीन लई चांगली हाये. पर तिच्या मागं कुनीच न्हाई." मग आम्हीं झील कशी असे तें दाखविण्याची विनंती केली. नातवानें लगेच मुद्रणासाठीं मोबाइल पुढें धरला. म्हाताऱ्यानें तो हातानें बाजूस सारला. मोबाइल नको म्हणून नव्हे, तर झील एकट्याची नसते, दुसरा उभा राहावा लागतो, म्हणून. नातू त्यांच्या बाजूस उभा राहिला. दोनदां त्याचा सूर उशिरां आला. तिसऱ्या वेळीं आजोबांच्या चरणाचें शेवटचें अक्षर त्यानें वरच्यावर झेललें, आणि शेजारच्या घरांतून दोन माणसें बाहेर येऊन ओट्याशीं उभीं राहिलीं.